वरची खूण

माझे अम्मा-अप्पा हे वाचणार नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तंजावरच्या आमच्या घरांतून मराठी बोलतात, पण लिहायची-वाचायची वेळ आली की अक्षरं तमिळ. मी उमेदवारीची तीन वर्षं पुण्यात काढली तेव्हा देवनागरी गिरवली आणि ती अजून हातात आहे. तेव्हा ही गाडीची हकीकत त्यांच्या माघारी. तिच्यातली सगळ्यात मोठी चूक माझी आहे हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी अप्पांना बोल लावायला नको.

अप्पांचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. पाय आहे, पण नावापुरता. त्या पायावर आणि एका काठीवर त्यांनी सरकारी कचेरीत तीसेक वर्षं नोकरी केली, दोन लेकी वाढवल्या, आणि दर रविवारी अम्माबरोबर तिरुवैयारुला गेले. अम्मा तिथे मुलींना गाणं शिकवते, अजूनही शिकवते. अप्पांना गाण्यातलं फारसं कळत नाही. ते नदीच्या घाटावर बसून राहतात आणि शिकवणी संपली की दोघं परत येतात. माझ्या लहानपणी हा प्रवास बसचा होता. बसच्या पायऱ्या उंच. अप्पा दांडा धरून चढायचे आणि अम्मा मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. ढकलायची नाही, नुसता ठेवायची. पण कंडक्टर बघायचा, उतारू बघायचे, आणि एकदा जागा मिळाली की अप्पा अर्ध्या वाटेपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसायचे. मी शेजारीच असायचे. मला तेव्हा वाटायचं त्यांना नद्या आवडतात.

ते बावन्न वर्षांचे असताना त्यांच्या कानावर आलं, की मद्रासचे एक डॉक्टर परदेशी निघालेत, त्यांना आपली तीन वर्षांची गाडी काढायची आहे, आणि त्या गाडीला क्लच नाही. क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. अप्पांनी दोन दिवस हिशोब मांडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊन बघून तरी येऊं." मी पुण्याला होते. पुढच्या सुट्टीत घरी आले तर दारात राखाडी रंगाची गाडी, तिच्या कपाळाला गंध, आणि बाजूला काठी टेकवून उभे अप्पा. मला म्हणाले, "बस. तुला नेऊन आणतों." आयुष्यात पहिल्यांदा ते मला कुठे तरी नेत होते. मी मागे बसले आणि खिडकीबाहेर तोंड केलं, कारण रडू येत होतं.

त्या काळी आमच्या गावात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. लोक येऊन वाकून बघायचे. गियर नाही तर चाकं फिरतात कशी, असा सगळ्यांचा एकच प्रश्न, आणि अप्पांकडे त्याचं ठरलेलं उत्तर. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो की नाही? तसेच आत दोन पंखे आहेत, फक्त मधे हवेऐवजी तेल आहे. "म्हणजे मधे धरायला काहीच नाही?" असं शेजारच्यांनी काळजीने विचारलं, तर अप्पा म्हणाले, "तेल आहे कीं." त्यांचा त्या तेलावर भारी विश्वास होता.

त्यांनी गाडीसाठी नियमही करून ठेवले होते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दांडी मागच्या गियरमधून पुढच्यात टाकायची नाही. आधी हँडब्रेक, मग दांडी 'पी'वर, म्हणजे सगळं वजन गियरबॉक्सच्या एका दातावर येत नाही. उतारावर तेल वाचवायला म्हणून न्यूट्रल करायचं नाही. आणि गाडीत बसून गाडीविषयी वाईट बोलायचं नाही. हा शेवटचा नियम अम्मासाठी होता, कारण ती म्हणायची की या वंडीपेक्षा, म्हणजे गाडीपेक्षा, आपल्या गल्लीतली गाय लवकर पोचेल. अप्पा चाळिसाच्या वर जात नसत. तिरुवैयारुच्या वाटेवर नद्यांवरचे पूल लागतात, आणि प्रत्येक पुलाच्या चढाला ते गाडीला "हळूं, हळूं" म्हणत.

एका गोष्टीचा मात्र मला फार राग यायचा. तिरुवैयारुला पोचलं की अप्पा गाडी बंद करणार, काठी काढणार, आपला पाय हाताने उचलून बाहेर ठेवणार, उभे राहणार, आणि मग गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन अम्मासाठी दार उघडणार. आणि अम्मा, धडधाकट बाई, मांडीवर हात ठेवून तोवर बसून राहणार. भर उन्हातसुद्धा. मी एकदा तिला विचारलं की तुझे हात काय मोडलेत. तिने नुसता पदर सारखा केला. मी मनात म्हटलं, गाणाऱ्या बाईचा तोरा.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. एवढ्या काळात त्या गियरबॉक्सने कुरकूर म्हणून केली नाही. सुरुवातीला मद्रासला नेऊन दोनदा तेल बदललं, पुढे ज्यांना ते जमायचं ते वारले, आणि चालतंय तर हात कशाला लावा म्हणून ते राहिलं ते राहिलंच. मग गेल्या वर्षी वैशाखात तिरुवैयारुहून परतताना कुडमुरुट्टी नदीच्या पुलाअलीकडे गाडी थांबली. इंजिन चालू, दांडी 'डी'वर, आणि गाडी जागची हलेना. थंड होण्यासाठी जी तेलाची नळी पुढे जाते ती वयोमानाने फुटली होती आणि सगळं लाल तेल वाटभर सांडत आलं होतं. अप्पा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. मी आता तिरुचीला असते; मला कुणी तरी फोन केला. मी पोचले तेव्हा दोघं एका चहाच्या टपरीच्या बाकावर होती. त्या बाकापर्यंत अप्पा डांबराच्या तापल्या रस्त्यावरून पाऊण किलोमीटर चालत आले होते, आणि अम्माचा हात त्यांच्या पाठीवर होता. मी आले तरी तिने तो काढला नव्हता.

नळी बदलली, तेल भरलं, गाडी चालू झाली. पण मी इतकी घाबरले होते की मला राग आला. घाबरले की मला राग येतो, हा माझा स्वभाव. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, की यापुढे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी येणार आणि स्वतः तेल तपासणार. एकदा कमी दिसलं तर सोडीन. दुसऱ्यांदा कमी दिसलं की गाडी विकायची, मग त्यावर चर्चा नाही.

अप्पा "सरि" म्हणाले, म्हणजे बरं. अम्मा उठून आत गेली.

पहिल्या शनिवारी मी पहाटेच्या बसने आले, कॉफी घेतली आणि बॉनेट उघडलं. गाडी चालू करून ठेवली, ब्रेकवर पाय देऊन दांडी सगळ्या घरांतून एकदा फिरवून आणली, मग तेलाची काठी काढली, पुसली, परत घालून परत काढली. सगळं अगदी रीतीप्रमाणे. काठीवर दोन खुणा होत्या, एक खाली, एक वर. त्यांच्याशेजारची अक्षरं वीस वर्षांत पुसून गेली होती. तेल खालच्या खुणेशी होतं. दोन खुणा असल्या तर खालची म्हणजे किमान आणि वरची म्हणजे योग्य, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं. आमच्या घरात तसंही काही अर्धं चालत नाही. पाहुण्याच्या पानात भात संपलेला दिसता कामा नये, देवापुढच्या दिव्यात तेल काठापर्यंत हवं, आणि पोंगलला दूध उतू गेलं नाही तर वर्षभर चुटपुट लागते. तेव्हा मी जाहीर केलं, "कमी आहे. ही पहिली वेळ."

तेल आणायला निघाले तर अम्माने दारात अडवलं. शनिवारी घरात तेल आणायचं नाही.

"अम्मा, हे खायचं तेल नाही. लाल असतं. यंत्राचं."

"तेल तें तेल. उद्यां आण."

रविवारी आणलं आणि वरच्या खुणेपर्यंत घातलं. उरलेला डबा बरोबर घेऊन गेले. दुसऱ्या महिन्यात तेल बरोबर वरच्या खुणेला. तिसऱ्या महिन्यात खुणेच्याही जरा वर. मला बरं वाटलं. परीक्षा घेतली की विद्यार्थी सुधारतात, हे माझं जुनं मत. माझा पेशाच तो. तिरुचीच्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे.

पाचव्या महिन्यापासून मात्र गाडी बिघडत चालली. सकाळी ठीक असायची, पण अर्धी वाट गेली की दांडी 'डी'वर टाकल्यावर क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग धक्का बसायचा. पुलाच्या चढाला इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी तिथल्या तिथे. हे मला अप्पांनी सांगितलं नाही. मी गाडीत बसले तेव्हा कळलं. तेलाची काठी तर भरलेलीच दाखवत होती, म्हणजे दोष तेलाचा नाही, असा मी निष्कर्ष काढला. त्याच सुमारास अम्मा दारातल्या कोलमला, म्हणजे रांगोळीला, रोज कावेची लाल किनार काढायला लागली होती. एरवी ती सणावारीच काढायची. मला वाटलं, वय झालं की माणूस देवधर्माकडे वळतो.

गावातल्या एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी गाडी एक फेरी मारून आणली आणि सांगितलं, गियरबॉक्स गेला, या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत, सुट्या भागांसाठी कुणी घेत असेल तर देऊन टाका. मी घरी येऊन तसंच सांगितलं. वर म्हणाले की आपण टॅक्सी ठरवू, दर रविवारी न्यायला-आणायला, एसीची.

अम्मा म्हणाली, "मी नाहीं जात. मुलींना सांगट्लं मी, अत्तां पोतुम, पुरे झालं, दुसरी कोणी बघा."

"का? टॅक्सीने जायला काय झालं?"

"टॅक्सीत ते काय करतील? मागें बसतील?"

अप्पा तिण्णैवर, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. पण ते उठून आत आले नाहीत. तीस-चाळीस वर्षांची तिची शिकवणी बंद होत होती, आणि ती त्यांच्यामुळे बंद होते आहे हे त्यांना दिसत होतं. आणि मी मधे उभी राहून एसीच्या गोष्टी करत होते.

पापनाशमच्या एका माणसाने गाडी भागांसाठी घ्यायची तयारी दाखवली. म्हणाला, आधी माझ्या मेस्त्रीला दाखवा, काय काय कामाला येईल ते तो सांगेल. ज्या दिवशी न्यायची त्या सकाळी अप्पांनी गाडी स्वतः धुतली. कप्प्यातून चष्मा, विभूतीची पुडी आणि पाठीमागे घ्यायची उशी काढून घेतली. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "वंडि चांगली होती." होती. अप्पांनी वीस वर्षांत तिच्याबद्दल भूतकाळ वापरला नव्हता. मी किल्ली घेतली आणि आरशात न बघता निघाले.

मेस्त्री साठीचा होता. आखातात पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करून परत आलेला. "तिकडे क्लचवाली गाडी शोधून सापडत नाही," तो तमिळमध्ये म्हणाला आणि स्वतःच गाडी घेऊन दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली. सपाट जागी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, आणि काठी काढून माझ्यापुढे धरली. काठीवर तेल नव्हतं. गुलाबी फेस होता, ताक घुसळताना रवीला लागतो तसा.

"तेल कोण तपासतं?"

"मी."

"केव्हा?"

"सकाळी. पहिल्या बसने येते आणि कॉफी घेतली की लगेच."

"गाडी थंड असताना. आणि कुठल्या खुणेला भरता?"

"वरच्या."

त्याने फडक्याला हात पुसले. मग शांतपणे सांगितलं, की खालची खूण थंड गाडीची आणि वरची तापलेल्या गाडीची. गाडी तापली की तेल फुगतं आणि आपलं आपण वर चढतं. थंड असताना वरपर्यंत भरलं, तर गरम झाल्यावर ते आतल्या फिरत्या चाकांना लागतं, त्याचा फेस होतो, आणि फेसाने काही गियर धरत नाही. जास्तीचं मग श्वासनळीतून बाहेर टपकतं, लोकांना वाटतं गळतंय, आणि ते आणखी घालतात.

उष्णतेने द्रव प्रसरण पावतात. पहिल्या वर्षाचा तिसरा धडा. मी तो दर साली फळ्यावर लिहिते.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"शिकवते."

"कोणता विषय?"

"तमिळ," मी म्हणाले. देव क्षमा करो.

त्याने गाडीखाली भांडं ठेवून तेल काढायला सुरुवात केली आणि पाण्याच्या बाटलीने मोजत गेला. बोटावर घेऊन वास घेतला. जळका वास नाही, म्हणाला, आत प्लेटा शाबूत आहेत, गियरबॉक्स गेलेला नाही. पण मोजून झाल्यावर तो विचारात पडला. तुम्ही सांगता तेवढं घातलं तर अर्धा लिटर जास्त व्हायला हवं, हे दीड लिटर आहे. "घरात आणखी कोण तेल घालतं?"

"कुणी नाही," मी छातीठोक सांगितलं.

त्याने खालची तबकडी काढून जाळी धुतली, अर्धं जुनं तेल बदलून नवं घातलं. सगळं एकदम बदलू नका, म्हणाला, म्हाताऱ्या गियरबॉक्सला सोसत नाही, दोन-तीन महिन्यांनी परत अर्धं बदलू. मग गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून, मलाच काठी बघायला लावली. तेल वरच्या खुणेला, स्वच्छ, लाल, फेसाचा टिपूस नाही. घेणाऱ्या माणसाला मी फोन करून नकार कळवला. तो चिडला. चिडण्यासारखंच होतं.

परतताना गाडी पहिल्यातून दुसऱ्यात कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. गल्लीत शिरले तर अप्पा तिण्णैवरच होते, सकाळी सोडले तिथेच. वळणावर मी दिसायच्या आधीच ते काठी घेऊन उभे राहिले होते. त्यांनी आवाज ओळखला होता.

मी सगळं सांगितलं. खालची खूण, वरची खूण, फेस, दीड लिटर. तमिळचंसुद्धा सांगितलं. अप्पा ऐकत होते. मग आत गेले आणि देवघराच्या मागच्या फळीवरून एक डबा घेऊन आले. तेच तेल. निम्मा संपलेला.

"शनवारीं विकत आणायचं नाहीं," ते म्हणाले, "म्हणून शुक्रवारींच आणून ठेवत होतों. तूं यायच्या आधीं बघायचों. खुणेच्या काठावर दिसायचं. काठावर पास होणं बरं नाहीं, म्हणून थोडं घालायचों."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. ही दुपारीं निजली कीं."

मी अम्माकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि वडामच्या, म्हणजे आमच्या सांडग्यांच्या, डब्यामागून दुसरा डबा घेऊन आली. वर नरसाळं, दिव्याच्या तेलाचं.

"मला काठी-खूण कळत नाहीं," ती म्हणाली. "सकाळीं कोलमवर लाल थेंब दिसले. ह्यांना दिसले तर जीव घाबरा होईल म्हणून पुसले, वर काव काढली. आणि तुझ्या येण्याआधीं एक डबरा घालायची. तूं कोठें ओततेस ते बघितलं होतं."

"एक डबरा म्हणजे?"

"कॉफीचा." म्हणजे पेल्याखालची पितळी वाटी.

"अगं पण मला सांगायचं नाही?"

"तुला काय सांगायचं," अम्मा म्हणाली. "तूं विकणार म्हणट्लंस."

म्हणजे दुपारी ती निजली की हे घालायचे, आणि संध्याकाळी हे देवळात गेले की ती घालायची, आणि वीतभर घरात दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नव्हती. वरून मी, उंटावरची शहाणी, महिन्यातून एकदा येऊन आधीच भरलेलं बघून शाबासकी द्यायची. गळतंय ही भीती माझ्या परीक्षेने घातली, आणि गळत होतं ते आम्हीच घातलेलं. शिक्षा मात्र होणार होती गाडीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिसरा डबा माझा, तिरुचीला पलंगाखाली होता. तोही मी कबूल केला.

अप्पा दोन्ही डब्यांकडे बघत होते. मग त्यांनी अम्माला विचारलं, अगदी हळू, "तूं घालत होतीस?"

"होय कीं."

"कां?"

"मग रविवारीं मला कोण नेईल?"

अप्पा हसायला लागले. मग अम्मा. मी हसता हसता रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तेव्हापासून माझी नोकरी गेली. आता तेलाची काठी अम्मा बघते. रविवारी तिरुवैयारुला पोचल्यावर, गाडी तापलेली, इंजिन चालू, आणि सपाट जागा. ती चष्मा लावते, अप्पांच्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्याने काठी पुसते, परत घालून काढते आणि म्हणते, "पोतुम." इतकंच. मुली तोवर शिकवणीसाठी खोळंबतात, पण तिला घाई नसते. घरातले डबे मी तिरुचीला नेले आहेत. गाडीने आता पंचविशी ओलांडली आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक छोटासा हिसका बसतो. मेस्त्री म्हणाला, तो राहील, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. अप्पांनी मान डोलावली.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. तपासायला नाही, नुसती. मागे बसले. पुलांवर अप्पा "हळूं, हळूं" म्हणाले आणि गाडी हळू हळू चढली. नदीला पाणी होतं. पोचल्यावर अप्पांनी हँडब्रेक ओढला, मग दांडी 'पी'वर टाकली, काठी काढली, डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला आणि उभे राहिले. ऊन चांगलंच होतं. अम्मा मांडीवर हात ठेवून बसली होती. अप्पा गाडीला हात टेकत पुढून वळसा घालायला लागले, एक पाऊल, मग काठी, मग दुसरं. मला ते बघवेना. मी पटकन उतरून अम्माचं दार उघडावं म्हणून माझ्या बाजूच्या कडीला हात घातला.

अम्माने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"थांब ग," ती म्हणाली. "ते येताहेत."

मी हात परत घेतला.